काळी सेडान, उन्हात दिसणारी जाळी आणि आतला कुबट वास: कोटिंग करून टाकू का?

निवांत_प्रवासी
मंडळी, सल्ला हवाय. महिन्यापूर्वी सेकंडहँड लक्झरी सेडान घेतली. काळी मेटॅलिक, आत क्रीम लेदर, डॅशबोर्डवर लाकडाची पट्टी, सनरूफ, सगळा थाट. घेतली त्या दिवशी आभाळ होतं आणि गाडी नुसती आरशासारखी दिसत होती. मग पहिल्या कडक उन्हात बोनेटकडे लक्ष गेलं आणि पोटात गोळाच आला. सूर्याचं प्रतिबिंब पडतं त्याच्याभोवती गोल गोल कोळ्याचं जाळं, आणि मी सरकलो की ते जाळंही माझ्याबरोबर सरकतंय.

घरच्या आघाडीवर सांगायचं तर आमच्या बाबांनी गाडी आल्या दिवसापासून दत्तक घेतलीये. रोज सकाळी जुनी बनियन घेऊन अख्खी गाडी कोरडीच पुसतात, प्रेमाने. म्हणून विचार करतोय की सिरॅमिक कोटिंग करून टाकावं म्हणजे जाळी पण जाईल आणि पुढची कटकट पण मिटेल. आतलं लेदर मस्त चकाकतंय, स्टीअरिंग अगदी गुळगुळीत आहे, म्हणजे आधीच्या मालकाने निगा राखलेली दिसतेय. फक्त एक कुबट वास येतो, दोन अत्तराच्या बाटल्या टांगून झाल्या, आता कुबट + गुलाब असा वास येतो. काय करू?

बादलीबहाद्दर
आधी बाबांच्या हातातून बनियन काढून घ्या. मग बोलू.

टिंबटिंब
+१. आणि मालकाला सांगा लेदर चकाकतंय म्हणजे मळलंय :)

खरखर_सँडपेपर
निवांत, जाळी कोटिंगने जात नाही हो. कोटिंग पारदर्शक असतं, खाली जे असेल ते काचेच्या पेटीत ठेवल्यासारखं जपून ठेवतं. आधी कळस मग पाया असं होईल ते.

ती जाळी म्हणजे क्लिअर कोटवरचे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावरचे, बारीक चरे. खरं तर ते वाटेल त्या दिशेने असतात, गोल नसतात, पण दिव्याभोवती जे चरे नेमके आडवे येतात तेवढेच चमकतात म्हणून आपल्याला गोल जाळं दिसतं आणि आपण हललो की तेही हलतं. काळ्या रंगावर जास्त दिसतं एवढंच, पांढऱ्या गाडीवरही तितकेच असतात, फक्त तिचा मालक सुखात असतो.

आता हे चरे कुणी पाडले? धुळीने. धुळीत वाळूचा कण म्हणजे क्वार्ट्झ, मोहच्या कठीणतेच्या मापात (१ ते १०) ७, क्लिअर कोट त्याच्यापुढे लोणी. कोरडी बनियन फिरवली की तो कण कापडात अडकतो आणि टपापासून डिकीपर्यंत फिरून येतो. बाबांचं प्रेम खरं आहे पण बनियन सँडपेपर आहे (माझा आयडी पहा).

गॅरेजातला_उंदीर
थोडे आकडे टाकतो म्हणजे घाबरायचं किती ते कळेल. कंपनीतून आलेल्या गाडीवर रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला वरचा पारदर्शक थर ३५ ते ५० च्या आसपास. माणसाचा केस साधारण ७० धरा. म्हणजे तुमच्या सगळ्या चकाकीचा जीव केसापेक्षा पातळ थरात आहे. पॉलिश म्हणजे चरा भरणं नाही, चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर घासून खाली आणणं. हलक्या पॉलिशला एक-दोन मायक्रॉन जातात, जोरदार कंपाउंडला, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिशला, त्याहून जास्त. दर वर्षी हौस म्हणून पॉलिश मारणाऱ्यांनी हे गणित एकदा मांडून बघावं, पासबुकात फक्त पैसे काढल्याची नोंद होतेय, भरणा कधीच नाही.

सेकंडहँड आहे म्हणून एक काम नक्की करा, रंगाची जाडी मोजणारं मीटर कुणाकडून तरी मिळवा. बोनेट १२०, दार १२५ आणि मागचं मडगार्ड एकदम ३०० दाखवलं तर तिथे पुन्हा रंग मारलाय असं समजा. अशा गाड्यांत बोनेट बऱ्याचदा अॅल्युमिनियमचं असतं, तेव्हा स्टील आणि अॅल्युमिनियम दोन्हीवर चालणारं मीटर हवं. प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही, मीटर बिघडलं म्हणून परत करू नका. मी केलेलं.

चमको_कोटिंग
माझं मत थोडं वेगळं आहे. कोटिंगला उगाच बदनाम करू नका. माझ्या गाडीवर आहे, ९ एच आहे, पाणी अळवाच्या पानावरून पळतं तसं पळतं. चरे पडत नाहीत.

खरखर_सँडपेपर
@चमको, ९ एच ही पेन्सिलची कठीणता आहे हो. सगळ्यात कडक पेन्सिलने कोटिंगवर चरा उठला नाही एवढाच त्याचा अर्थ. लोक ते मोहच्या ९ बरोबर गोंधळवतात आणि हिऱ्याच्या खालोखाल कवच चढवल्यासारखे वागतात. वाळू पेन्सिलने लिहीत नाही.

चमको_कोटिंग
बरं, पेन्सिल तर पेन्सिल. पण धुवायला सोपं पडतं हे तरी मान्य करा. चिखल चिकटत नाही, कमी घासावं लागतं, कमी घासलं की कमी चरे.

खरखर_सँडपेपर
हे मात्र शंभर टक्के मान्य. कोटिंगचा खरा फायदा तोच आहे, आणि तो विकणारे सोडून सगळे सांगतात.

आजीचा_चष्मा
मला एक कळत नाही, पूर्वी गाड्या नव्हत्या का? बादली, साबण, फडकं, झालं. आमच्या जुन्या गाडीला कधी जाळी दिसली नाही.

गॅरेजातला_उंदीर
@आजीचा_चष्मा, जुन्या गाड्यांना बऱ्याचदा वरचा पारदर्शक थरच नसायचा, रंगच वर. तो उन्हाने खडूसारखा पांढुरका व्हायचा, मेण घासलं की फडक्यावर रंग उतरायचा आणि गाडी पुन्हा चमकायची. जाळी असेलही, पण भांडी घासायचा साबण लावून मंद झालेल्या रंगात दिसणार कुठून.

आजीचा_चष्मा
भांड्यांचा साबण तुम्हाला कसा कळला??

बादलीबहाद्दर
सगळ्यांचा तोच होता हो.

तर मुद्द्याचं. निवांत, धुण्याची पद्धत सांगतो कारण बहुतेक जाळी इथेच पडते. गाडी सावलीत, बोनेट गार. आधी नुसतं पाणी, मग फेस मारून पाच मिनिटं सोडायची, सुकू द्यायची नाही, परत पाणी. हात न लावता जेवढी माती निघेल तेवढी काढायची. त्यानंतर दोन बादल्या, एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाशी माती अडवणारी प्लास्टिकची जाळी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवा, एक पॅनेल सरळ रेघांत, दाब न देता, मोज्याच्या वजनानेच पुसा, मग तो साध्या पाण्याच्या बादलीत जाळीवर खळखळून घ्या, पिळा, मगच परत शाम्पूत. टपापासून खाली यायचं, दारांच्या खालची पट्टी सगळ्यात शेवटी. चाकांची बादली वेगळी, मोजा वेगळा, शक्यतो नशीबही वेगळं.

काम झाल्यावर साध्या पाण्याच्या बादलीचा तळ बघा. एकदा ती गाळलेली माती बघितली ना की पुन्हा एका बादलीत गाडी धुवायची हिंमत होत नाही.

पुसताना जाड टॉवेल अंथरायचा आणि ओढायचा, घासायचं नाही. टॉवेल जमिनीवर पडला तर तो त्या दिवशीपुरता मेला. आणि मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारं लिक्विड घालायचं नाही, धागे बुजतात, मग तो पाणी पीत नाही, नुसतं इकडून तिकडे ढकलतो.

सावली
वाचनखूण साठवली. जाता जाता, धुण्याआधी पावसाच्या सेन्सरवर चालणारे वायपर बंद करा. मी इंजिन चालू ठेवून पुढची काच पुसत होते, वायपरला वाटलं पाऊस आला. चष्मा गेला.

टिंबटिंब
कुणाचा, गाडीचा?

सावली
माझा. "हलके घ्या" म्हणायचं काम माझं होतं.

मेणबत्ती
कोटिंग कोटिंग काय करताय, जुनं कार्नोबा मेण कुणाला आठवत नाही का? ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. काळ्या रंगावर जी खोली येते, ओल्या दगडासारखी, ती मला कोटिंगमध्ये नाही दिसली. टिकतं काही आठवडेच, हे कबूल. पण रविवारची सकाळ आहे, गाडी आहे, अजून काय पाहिजे.

दगडफूल
पण दगड उडून टवका गेला तर मेणही कामाचं नाही आणि कोटिंगही. त्याला रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक पीपीएफ फिल्मच. निदान बोनेटची पुढची कड आणि बंपर. बाकी गाडीला हवं ते फासा.

काच_सामान
मी नोकरीच हीच करतो, म्हणून क्रम सांगतो. धुतल्यावर रंग अजून खरखरीत लागतो का बघायचं. हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोनेटवरून अलगद फिरवा, नुसत्या बोटाला जे कळत नाही ते पिशवीतून वाळूसारखं लागतं. ते बहुतेक ब्रेकच्या चकत्यांचे लोखंडी कण, रंगात रुतून गंजलेले. त्यावर लोखंड विरघळवणारा स्प्रे मारला की गाडी जांभळी रडायला लागते. बघायला मजा, वास मात्र सडक्या अंड्याचा, उघड्यावरच मारा. त्यानंतरही खरखर राहिली तर क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, भरपूर बुळबुळीत पाण्यावर. क्ले खाली पडला की फेकायचा, चिंधी झटकतात तसा झटकून परत वापरायचा नाही.

क्ले केल्यावर पॉलिश. घरी करणार असाल तर डोलत फिरणारं मशीन घ्या, नुसतं एकाच अक्षावर गरगर फिरणारं नको, ते शिकेपर्यंत एखादी कड जाळाल. कडा आणि उठलेल्या रेघांवर थर सगळ्यात पातळ असतो, तिथे टेप लावा. दोन फूट बाय दोन फुटांचा एक चौकोन घ्या, सगळ्यात मऊ पॅड, सगळ्यात सौम्य पॉलिश. जमलं तर पुढे, नाही जमलं तर एकच पायरी वर.

आणि ही आमच्या धंद्यातली झाकली मूठ सांगतो. काही पॉलिशमध्ये तेलं आणि भरण असतं, चरे तात्पुरते बुजतात, गिऱ्हाईक खुश, चार धुण्यांनंतर जाळी हजर. म्हणून कोटिंगआधी पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, अंगावर टॉर्च मारून बघायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून गाडी परत आणा.

निवांत_प्रवासी
बापरे, एवढं आहे होय. बाबांना धागा वाचून दाखवला. बनियनवरून मनाला लागलंय त्यांना. "तीस वर्षं गाड्या पुसतोय" म्हणाले.

आणि लेदरचं काय? चकाकणं वाईट कसं?

दुधी_सीट
माझा प्रांत आला. आधी माझी चूक ऐका. क्रीम सीटवर जीन्सचा निळा डाग होता. घरात भिंतीवरचे डाग काढायचा पांढरा स्पंज होता, जादूचा म्हणतात तो. घासला, निळं गेलं. हुरूप आला, अजून घासलं. स्पंजावर निळं येता येता क्रीम रंग यायला लागला तेव्हा कळलं की डाग संपून सीट सुरू झालीये. तो मेलामाइनचा स्पंज म्हणजे अगदी बारीक सँडपेपरच. आजही तिथे सूर्य तिरका आला की तळहाताएवढा मंद पट्टा दिसतो, मी तिथे मुद्दाम पर्स ठेवते.

तर निवांत, हल्लीच्या बहुतेक गाड्यांचं लेदर रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेलं असतं. ते मुळात मंद, मॅट असतं. चकाकी म्हणजे अंगाचं तेल आणि मळ, किंवा कुणीतरी फासलेलं चमकवणारं ड्रेसिंग. स्टीअरिंगचं तर विचारूच नका, गुळगुळीत म्हणजे मेणचट झालंय. लेदरचा सौम्य क्लीनर ब्रशवर घ्यायचा, सीटवर नाही, मऊ ब्रशने फेस करायचा, ओल्या मायक्रोफायबरने लगेच पुसायचं. पहिल्यांदा फडकं चहासारखं निघेल. घासून मॅट झालं की समजा लेदर भेटलं.

कंडिशनर लावा हवं तर, पण ते आत "मुरतं" वगैरे ऐकू नका, वर प्लास्टिकसारखा थर असताना मुरणार कुठे. सीटला गारवा देणारी भोकं असतील तर त्यावर काहीही फवारायचं नाही, भोकं बुजतात आणि खाली पंखे असतात.

मखमल
माझ्या स्टीअरिंगला आणि टपाच्या आतून अल्कांतारा आहे, त्याला पण हाच क्लीनर चालेल का? तेही लेदरच ना?

गॅरेजातला_उंदीर
अल्कांतारा लेदर नाही. साधारण दोन तृतीयांश पॉलिएस्टर आणि बाकी पॉलियुरेथेन. १९७० साली जपानच्या तोरेमधल्या मियोशी ओकामोतो यांनी शोधलं, नाव मात्र नंतर निघालेल्या इटलीतल्या कंपनीचं. त्याला लेदरचं क्रीम लावलंत तर केस बसलेल्या मांजरासारखं दिसेल. किंचित ओलं फडकं, वाळलं की मऊ ब्रशने लव उभी करायची. टपाचं कापड तर फारच जपून, ते फोमला गोंदाने चिकटवलेलं असतं, भिजवलं की लोंबतं.

खडू
अवांतर: पियानो ब्लॅक, ते चकचकीत काळं प्लास्टिक, ज्याने शोधलं त्याला एकदा भेटायचंय.

टिंबटिंब
रांगेत उभे राहा.

सावली
अनुमोदन. गिअरभोवतीचं पियानो ब्लॅक मी नुसत्या नजरेने पुसते. खरं सांगायचं तर आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग ओलसर मायक्रोफायबर. स्क्रीनलाही तेच, काचेचं अमोनियावालं लिक्विड नको, वरचा थर जातो. आणि स्प्रे नेहमी फडक्यावर. स्क्रीनवर मारलं की ओघळ फटीतून आत जातो. नैसर्गिक पोत ठेवलेलं लाकूड असेल तर त्यालाही पॉलिश नको, छिद्रांत पांढरं जाऊन बसतं.

चमको_कोटिंग
सगळे बाहेरचं आणि सीटचं बोलताय, वास राहिलाच की. वरून कीर्तन आतून तमाशा. एसीचा फिल्टर बदला.

काच_सामान
निवांत, एकच प्रश्न. वास एसी लावल्यावर येतो की दार उघडल्या उघडल्या? आणि पाऊस झाला की वाढतो का?

निवांत_प्रवासी
दार उघडल्या उघडल्या. आणि हो, धुतल्यावर दुसऱ्या दिवशी जास्त येतो. मला वाटलं शाम्पूचा असेल.

काच_सामान
अत्तर काढा, पायाखालचे मॅट काढा आणि गालिचा चारही कोपऱ्यांत मुठीने दाबून बघा. वरून कोरडा लागेल, खालचा फोम दाबा. मग इथे लिहा.

आजीचा_चष्मा
मी म्हणते वाफ मारा.

दुधी_सीट
नका हो! अशा गाड्यांत सीटखाली, गालिच्याखाली वायरींची जुडगी आणि कंट्रोल युनिटं असतात. तिथे वाफ आणि पाणी म्हणजे रोगापेक्षा औषध जालीम.

निवांत_प्रवासी
(आठ दिवसांनी) सापडलं!!

पुढचा डावा कोपरा. मॅट कोरडं, गालिचा कोरडा, पण मूठ जोरात दाबली तर बोटांच्या सांध्यांमध्ये पाणी वर आलं. काच_सामान यांनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे सनरूफ उघडून कोपऱ्यात छोटा कप पाणी हळू ओतलं. उजव्या बाजूचं लगेच पुढच्या चाकामागे टपटपलं. डाव्या बाजूचं जिथल्या तिथे तुंबून राहिलं. सनरूफच्या पन्हळीचं पाणी बाहेर नेणारी नळी पुढच्या काचेच्या खांबातून खाली येते, तिच्या तोंडाशी झाडाची चुरलेली पानं आणि काळा चिखल. हवेचा जोर मारू नका म्हणाले होते, नळी आतल्या आत निसटते, म्हणून गवत कापायच्या यंत्राची मऊ नायलॉन दोरी हळूहळू सरकवली. दोन-तीनदा अडली, मग एकदम घळकन पाणी गेलं. एवढा आनंद गाडी घेतल्यावर पण झाला नव्हता.

गालिचा उचलून, खाली पुठ्ठा देऊन, पंखा लावून चार दिवस वाळवला. वास गेला. म्हणजे मी इतके दिवस गाडी धुवून धुवून आत पाणी भरत होतो.

आता बोनेट. मशीन एका मित्राचं, मीटर त्याच्याच मित्राचं. सगळीकडे ११० ते १३०, डिकीवर मात्र १९०, म्हणजे तिथे काहीतरी इतिहास आहे. मऊ पॅडने दोन फुटांचा चौकोन केला, अल्कोहोलने पुसला, टॉर्च मारला. चौकोनाच्या आत काळं पाणी, बाहेर कोळ्याचं घर. काही खोल चरे राहिले, ते तसेच ठेवतोय, उंदीरभाऊंचं पासबुक डोक्यात बसलंय. कोटिंग नंतर बघू, सध्या मेण.

सीटचं फडकं खरंच चहासारखं निघालं. तीन फडकी चहा.

बादलीबहाद्दर
भले शाब्बास. फोटो टाका.

मेणबत्ती
मेण!! जिंकलो.

चमको_कोटिंग
"नंतर बघू" म्हणालेत ते. अजून सामना चालू आहे.

खडू
आणि बाबा? बनियनचं काय झालं?

निवांत_प्रवासी
बाबांनी दोन बादल्या विकत आणल्या, एकीवर रंगाने "स्वच्छ" आणि दुसरीवर "गाळ" लिहिलंय. काल मी घाईत टॉवेल जमिनीवर पाडला आणि तोच उचलून पुसायला गेलो तर गच्चीवरून ओरडले, "तो मेला आता, ठेव तो!"

बनियन टायर पुसायला नेमलीये. सन्मानाने.